जवळजवळ बेट

दांडिया बाजारात, जशुभाई सुताराच्या माडीवर
तात्या शाळांसाठी प्लास्टरचे नकाशे करायचे,
उठावाचे, हिमालय बोटाला टोचेल असे.
आषाढात नकाशांचे साचे भिंतीला टेकायचे,
गणपतीची सोंड यायची,
मग पुन्हा सह्याद्री.

नावं घालायचं काम माझं.
शून्य नंबरचा ब्रश, काळा रंग, श्वास धरून.
गोदावरी वळते तिथं अक्षरांनाही वळवायचं.

त्या वर्षी डभोईच्या शाळेनं अंटार्क्टिका मागवला.
"रंग वाचला," तात्या म्हणाले.
पुठ्ठ्यावर ओला गिलावा पसरला, चमच्याच्या दांडीनं
डोंगराचा कणा ओढला, दोन्ही अंगांनी उतरणाऱ्या हिमनद्या,
आणि एका कडेला, करंगळीएवढी,
समुद्रात शिरलेली जमिनीची जीभ.
तिचं टोक उत्तरेला.
तिथून निघालेलं सगळं उत्तरेलाच जातं,
दुसरी दिशा नसते.

यादीत तिचं नाव होतं:
हेन्रिएटा पेम्बरी द्वीपकल्प.
ही कोण? तात्यांनी पुस्तक उघडलं.
जहाजाला कोळसा पुरवणाऱ्याची मुलगी.
कप्तानानं दुर्बिणीतून पाहिलं, धुकं होतं,
उतरला नाही कोणीच. वहीत नाव लिहिलं,
दुपारचं जेवण झालं, जहाज वळलं.
हेन्रिएटाला तरी कळवलं का,
हे पुस्तकात नव्हतं.

मला नागपूरचं ताट आठवलं.
चांदीचं, तांदूळ सपाट पसरलेले,
पांढरे, कुणी पाऊल न टाकलेले,
आणि अंगठी धरलेलं त्यांचं बोट.
सुनयना, लिहिलं त्यांनी.
बायका वाकून वाचत होत्या. कुणीतरी म्हणालं, छान.
मी बाजूला बसलेले, मला तिरकं दिसलं.
दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला.

सात वर्षांनी मी बडोद्याला आले, एका ट्रंकेसह.
रेशनकार्डावर अजून सुनयनाच होती.
तात्या विचारत नसत.
फक्त हाक मारताना आधी थोडं थांबत,
जिन्यातली पायरी अंधारात चाचपावी तसे.

"द्वीपकल्प म्हणजे काय गं?" त्यांनी त्या दिवशी विचारलं,
मला येत असूनही.
मग स्वतःच सांगितलं: कल्प म्हणजे जवळजवळ.
मृतकल्प म्हणजे मेल्यासारखा. द्वीपकल्प म्हणजे
बेट व्हायचं राहून गेलेलं.
एका बाजूनं अजून धरलेलं कुणीतरी.
एवढं बोलून ते पाणी प्यायले
आणि ब्रश माझ्याकडे सरकवला.

नाव मावेना.
करंगळीवर 'हे'सुद्धा धड बसेना.
वेलांट्या बारीक केल्या, अर्धा न् पिळून लिहिला,
शेवटी सगळंच समुद्रात गेलं,
निळ्यावर काळं, टोकापासून दूर, एका ओळीत.
"चालेल," तात्या म्हणाले,
"तिकडं हाक मारायला कोण जातंय."

पेंढा भरून खोका एस.टी.च्या टपावर चढला.
आठ दिवसांनी मुख्याध्यापकांचं कार्ड:
सुर्वेभाई, नकाशो सरस छे,
पण खड्ड्यामुळे एक लहान तुकडा निखळला,
मुलांना त्यानं काही फरक पडत नाही,
तरी तुमची वस्तू म्हणून परत पाठवतो.

काडेपेटीत कापूस होता,
कापसात ती जीभ.
कणा शाबूत, हिमनद्या शाबूत,
मागच्या बाजूला पुठ्ठ्याचा तपकिरी तंतू,
जिथं ती धरलेली होती.

नाव तिकडंच राहिलं, डभोईच्या भिंतीवर,
नुसत्या निळ्या पाण्यावर.
पोरं पट्टीनं दाखवत असतील,
आणि तिथं काहीच नसेल.

तात्या गेल्यावर साचे जशुभाईंनी नेले.
तुकडा खिडकीत आहे, रंगाच्या बाटल्यांपाशी.
धूळ बसते, मी फुंकर घालते.
काल शेजारची पिंकल येऊन विचारत होती,
मावशी, आ शुं छे?
मी म्हटलं, हातात घेऊन बघ,
पण जपून, टोचतं.