मिठाई आणि मिस्त्रीच्या मधे

परसोडीच्या आयटी पार्कात, एसीखाली शाल पांघरून
मी दिवसभर जगाचे पगार भरते.
नॉर्वेचा सुतार. घानाचा वायरमन.
तासाला किती, आणि त्या तासात तिथं
तांदूळ किती किलो येतो.
वेल्डर तर सगळे एकाच खिडकीत :
तीच ठिणगी, तोच काळा चष्मा,
खाली सरकवत गेलं
की हात स्वस्त होत जातात.

काल ओळ आली : माहिती भरणारी व्यक्ती, आयर्लंड.
तिच्या पगारात आमचा अर्धा मजला बसला असता,
ढेकाटे सर धरून, चहावाला धरून.
पुढची ओळ माझीच.
आकडा टाकला तर चौकट लाल झाली :
रक्कम फार कमी वाटते, तपासून पाहा.
तपासायचं काय, पासबुक पाठ आहे.
'बरोबर आहे'वर बोट ठेवलं.

संध्याकाळी पाचपावलीला
आई दारात बसलेली, दोन्ही हात ताकाच्या गंजात.
कळमन्याच्या यार्डात ती मिरचीचे देठ खुडते,
किलोवर.
शिंका कोणी मोजत नाही.
लहानपणी मी रडले की कोपरानं डोळे पुसायची.
मला वाटे, सगळ्याच आया कोपरानं पुसतात.

तिला आयर्लंड सांगितलं.
ती म्हणाली, "तिकडं देठ कोण खुडते वं?"
मशीन असेल.
"मशीनले का देतेत?"
वीज.
बराच वेळ ताकात बोटं हलवत राहिली.
"मंग माह्यापरीस मशीन महाग पडत असन,
म्हणून मले ठेवलं."
आणि हसली,
बुधवारच्या बाजारात भाव पाडून आल्यासारखी.

आज जेवणाच्या सुट्टीत यादी पाहिली.
मिठाई करणारा आहे,
त्याच्याखाली थेट मिस्त्री.
मधे एक ओळ सरकवली.
व्यवसाय : मिरचीचे देठ खुडणे.
देश : भारत. गाव विचारत नाहीत,
तरी शेऱ्यात कळमना लिहिलं.
चौकट या वेळी लाल झाली नाही.
नुसतं विचारलं :
तुलनेसाठी दुसरा देश निवडा.

एकशे नव्वद नावं उघडली.
वरून खाली, खालून वर.
ढेकाटे सर मागून म्हणाले, ही कुठली ओळ?
एसी सुरूच होता.
डोळा चुरचुरला,
कोपरानं पुसला.