जग संपल्यानंतरची जेवणाची सुट्टी

रोमच्या पूर्वेला, वाळूच्या खाणीत,
जग तीन वेळा संपलं.
तिन्ही वेळा बाबा कामावर होते.

गावात त्यांचं पत्रेकामाचं गॅरेज.
निर्माता चार भंगार फियाट ओढत घेऊन आला,
म्हणाला, नाझ्झारेनो, या प्रलयानंतरच्या करून दे,
गुरुवारपर्यंत. पैसे पुढच्या महिन्यात.
बाबांनी विचारलं, प्रलयानंतर पत्रा कुठला मिळणार?
तो म्हणाला, सापडेल तो.

मग आमच्या खुराड्याची जाळी गेली,
शाळेच्या स्वयंपाकघरातल्या दोन चाळण्या गेल्या,
आईच्या वॉशिंग मशीनचं गोल दार गेलं
(त्यातून म्हणे तोफ डोकावणार होती).
कोंबड्या आठवडाभर पलंगाखाली.

मी नऊ वर्षांची. मलाही काम मिळालं:
पृथ्वीवरचं शेवटचं मूल.
संवाद एकच. 'पाणी.'
तोही नंतर दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, इंग्रजीत.

दिग्दर्शक सांगायचा, पाणी कधी पाहिलंच नाहीस
असं बघ.
आणि आदल्या रात्री तर धो धो कोसळलेला,
खाणभर डबकी,
बारा वाजले तरी वाळवंट वाळेना.
सात माणसं पोतेरी घेऊन
अणुयुद्धानंतरची जमीन टिपत बसली.

एक वाजता शिट्टी.
नरभक्षक आणि त्यांनी नुकतेच खाल्लेले लोक
एकाच बाकावर, एकाच टोपलीतला पाव.
टोळीचा म्होरक्या एर्मेते, खांद्यावर टायरचे तुकडे,
मला अंजीर सोलून देत होता, खिशातल्या चाकूने.
कुऱ्हाडीने का नाही, मी विचारलं.
लाकडाची आहे गं, तो म्हणाला. रंग लागेल अंजिराला.

सिनेमाच्या सुरुवातीला अक्षरं येतात: सन २०११.
२०११ साली बाबांनी मोतीबिंदू काढून घेतला
आणि पहिल्यांदा नीट पाहिलं
स्वतःचं वेल्डिंग, टीव्हीवर.
काय भिकार टाके, म्हणाले.
पुन्हा लाव.

माझा मुलगा सावेरिओ मित्रांना जमवतो,
हसून हसून सोफ्यावरून घसरतात पोरं.
रानटी माणसाच्या मनगटावर घड्याळ! थांबव, थांबव!
हसू दे. मीही हसते.
पण मी थांबलेली असते
एकेचाळिसाव्या मिनिटासाठी.

निवेदक खर्जात सांगतो, कुणीच उरलं नाही.
कॅमेरा वळतो सावकाश, राख, टेकाड, राख,
आणि उजव्या कोपऱ्यात, फार लांब,
एक निळी बस थांबते.
हिरव्या कोटातली एक बाई चढते, आधी पिशवी, मग ती.
बस जाते.
दुसरा टेक घ्यायला फिल्म नव्हती.

ती माझी आत्या, एर्सिलिया.
गिरणीत दुपारची पाळी होती तिची.
तिला कधी कळलंच नाही की ती सिनेमात आहे.
चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये गेली; फोटोत नेहमी
कुणाच्या तरी मागे उभी.
इथे तेवढी एकटी, आख्ख्या उद्ध्वस्त पृथ्वीवर,
आणि बस वेळेवर.

हल्लीचे सिनेमे जग फार नीटनेटकं संपवतात.
कोपरे पुसून घेतात.
मी बघते, कौतुकही करते,
पण कोपऱ्यात कुणी सापडत नाही.

पैसे आलेच नाहीत. त्याऐवजी एक गाडी आली,
भाल्यांसकट.
ती गॅरेजमागे उभी केली, आणि कोंबड्यांनी
आपली जाळी ओळखली.
पुढची सहा वर्षं आम्ही
चिलखती गाडीच्या मागच्या सीटवरची अंडी खाल्ली.

दारही परत आलं, पोचा पडून.
बाबांनी ठोकून बसवलं, पण ते बसलं नाही कधीच.
दर धुण्याला आतून धार लागायची,
आई ओरडायची, पाणी!
आणि मी हातातलं टाकून
पोतेरं घेऊन धावायचे.