चोरखिसा

उभ्या राहा बाई, श्वास सोडा.
पोट आत ओढून माप दिलं
तर तिकडं दुसऱ्याच दिवशी टाका उसवतो.

परकराच्या आतून, डाव्या अंगाला,
नाडीपासून चार बोटं खाली.
चार म्हणजे माझी चार.
आधी दोनच ठेवायचो.
मग हत्तुरेंच्या सूनबाई व्हिएन्नात रेल्वेत बसल्या
आणि पासपोर्टाचा कोपरा बरगडीत घुसला.
आल्या त्या थेट दुकानात,
बॅगा रिक्षातच.

मी कुठला ओ?
मी हैदराबादच्या पुढं गेलो नाही.
माझे खिसे मात्र एकवीस देश फिरून आलेत.

ह्यात पासपोर्ट अन् एक कार्ड, एवढंच.
दुसरं कार्ड धाकट्या बहिणीकडं ठेवा.
दोघींचं भांडण झालं तरी
कार्डं एकत्र आणायची नाहीत.

गड्ड्याच्या जत्रेत खिसा ब्लेडनं कापतात,
तिकडं गोड बोलून.
कुणी म्हणेल, ही अंगठी तुमचीच पडली का,
कुणी मनगटाला रंगीत दोरा बांधायला येईल,
कुणी मुक्या पोरांसाठी सही मागेल.
हात पदराखाली घ्यायचा, चालत राहायचं.
थांबलं की गेलं.

तिकीट काढलं म्हणजे झालं नाही.
रोमला ते मशीनच्या तोंडात द्यायचं,
ते टक्कन चावतं, मग खरं.
चिलका वकील न चावलेलं तिकीट हातात धरून
दंड भरून आले,
अन् वर कायदा सांगत होते त्यांना.

बूट नवे दिसतात.
आजपासूनच घाला की मग.
कंबर तलावाला रोज दोन फेऱ्या,
फोड यायचे ते इथंच येऊ देत.
तिकडच्या जुन्या गल्ल्या दगडी,
बघायला देवळाचं अंगण,
चालायला पाट्याची टाकी.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघा.
आपली मान उजवीकडं वळते, सवयीनं,
गाडी दुसरीकडून येते.

दुकानात शिरलं की पहिल्यांदा नमस्कार,
त्यांच्या भाषेत, मोडका असला तरी चालतो.
भाव मागाहून.
(हे इथं बी चाललं असतं,
पण दाजी पेठेत कोण ऐकतंय.)

पाणी मागितलं की विचारतात,
बुडबुड्याचं का साधं?
साधं म्हणा.
नाहीतर बाटली विसरू नका, नळाला लावून भरा.
नळाचंच पितात ओ तिकडं,
अन् रोज येतं म्हणे.
हसू नका बाई, टाचणी हलते.

शेंगा चटणी तीन पिशव्यांत,
तिसरी उलटी घालून. तेल लई लबाड असतं.
रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाकरीची सोय बघा.
रात्री नऊला बी ऊन असतं,
घड्याळ बघून जेवा, आभाळ बघून नको.

आणि हॉटेलात टॉवेल देतील, पांढरा, जाड.
त्याचा एक कोपरा उलटून बघाल का?
आमच्या हिनं एमआयडीसीत बावीस वर्षं
टॉवेलचे काठ दुमडले.
कोपऱ्याला आली की टाका एकदा मागं घ्यायची,
मगच दोरा तोडायची.
मुकादम ओरडायचा, वेळ जातो म्हणून.
कोपरा उसवला तर सगळं उसवतं, म्हणायची,
अन् घ्यायचीच मागं.
लेबल काय बी असू दे,
तुम्ही टाका बघा.

आजवर चौघांना सांगितलं.
चौघं विसरले.
बरोबरच हाय, तिकडं गेल्यावर
बघायला बरंच असतं.

हं, आता बसून बघा.
वाकून बघा.
जिना चढल्यासारखं करा, हसू दे कुणी हसलं तर.
टोचतंय?

ऐंशी रुपये आल्यावर द्या.
आधी सांगायचं, कुठं टोचलं.
त्यावरनंच पुढच्या बाईचा
खिसा ठरतो.