गुरुवारच्या आत

तपकीर गल्लीतून घेतला तेव्हा मुबारक तांबोळी म्हणाला,
पुसून दिलाय मॅडम, कोरी पाटी.
घरी येऊन सुरू केला तर
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
स. भि. गुंजाळ, भांडार विभाग.
तीन सेकंद. मग नेहमीचं निळं आकाश.

पेन ड्राइव्हवरून सिस्टिम परत टाकली.
डिस्कचे जुने भाग उडवू का, त्याने विचारलं. हो म्हटलं.
नक्की का, विचारलं. नक्की म्हटलं.
भाषा, देश, कळफलक,
शेजारच्या तन्मयने ठेवलेला
उच्चारता न येणारा वायफायचा पासवर्ड,
आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा चालू केला तर
गुंजाळ हजर.
कारखाना बंद पडला असेल, हजेरी सुटली नाही.

फोनवर मुबारक हसला.
"डिस्क म्हणजे वरचा मजला.
हा माणूस जोत्यात राहतो."
जोत्याला फर्मवेअर म्हणतात.
नखाएवढी चिप, आठ पायांची,
यंत्र जागं झालं की सगळ्यांच्या आधी तीच बोलते:
कीबोर्ड आहे, पंखा आहे, मी गुंजाळांची.

"बदलता येतं. फक्त मध्येच लाईट गेली
तर वीट. मग माझ्याकडेही आणू नका."

आमच्या बिबवेवाडीत लाईट गुरुवारी जाते.
पाणीही गुरुवारीच, म्हणजे काय ते एकाच दिवशी उरकतं.
म्हणून बुधवार, रात्री पावणेअकरा.
बॅटरी थकलेली, तरी भरून घेतली, चार्जर लावून ठेवला.
इन्व्हर्टरचं पाणी बघितलं. फ्रिज बंद.
गीझरचं बटण दाबायला घरात दुसरं कुणी नाही,
तरी त्यावर चिकटपट्टी लावली.

आठ टक्के.
एकोणीस.
खाली कुणीतरी लिफ्ट बोलावली, ट्यूब क्षणभर मिचकली.
मी लॅपटॉपवर हात ठेवला, ताप बघतात तसा.
चौतीस. चौतीस. चौतीस.

कोण असतील गुंजाळ.
नट-बोल्टांच्या खोक्यांचे आकडे चढवणारे,
डबा उघडायच्या आधी झाकण खाली करणारे.
शून्याची कळ सगळ्यात जास्त झिजलीय.
आपलं नाव तळाशी राहिलंय
हे त्यांना ठाऊकही नसेल.

लाइटबिल अजून ह्यांच्याच नावाने येतं.
चार वर्षं. फॉर्म कपाटात आहे,
दोन झेरॉक्स, एक फोटो, सहीची जागा मोकळी.
बिल मी वेळेवर भरते.

एकसष्ट.
अठ्ठ्याण्णव, आणि मग काहीच नाही, काळं,
एवढं काळं की त्यात माझा चष्मा दिसला.

मग एक बीप.
ओळ नाही.
यंत्राने तारीख विचारली, कारण त्याच्या मते
आज एक जानेवारी दोन हजार नऊ,
रात्रीचे बारा.
मी जरा वेळ त्याला तसंच राहू दिलं.

पुढे मालकाचं नाव, असा एक रकाना.
माझं लिहिलं. खोडलं.
रिकामा ठेवून पुढे गेले.

गुरुवारी सकाळी दहाला लाईट गेली.
बॅटरीने चौदा मिनिटं दिली.
तेवढ्यात सोसायटीच्या पाण्याचा हिशेब बसवायला घेतला.
शून्य एकदा दाबलं की कधी कधी दोनदा उमटतं.
सातशेचा टँकर
सात हजारांना पडला.