अकरापैकी अकरा

शहाद्याहून रात्री दोनला निघाली क्रूझर.
अकरा माणसं, बारा पिशव्या.
गिरासे सर दर थांब्यावर मोजतात आम्हाला,
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी.

जानेवारी. गवतावर दहिवर इतकं
की बूट आधी ओले, मग जड, मग परके.
कुणाच्या तरी पाठीवरून येणारा
कळण्याच्या भाकरीचा वास.

अस्तंब्याच्या शेवटच्या खिंडीत
माझा गुडघा म्हणाला, बस.
मी बसले.
बाकीचे वर गेले: टॉर्चचे ठिपके,
मग नुसते आवाज,
मग तेही नाहीत.

सोबत थांबला ठुमला पावरा, वाटाड्या.
काटक्या पेटवल्या, कानावर मफलर आवळला.
विचारलं, वर काय आहे रे?
"वाराच आहे, बाई," म्हणाला,
आणि भाजलेलं रताळं अर्धं मोडून दिलं.

उजाडलं. खाली सगळं धुकं.
तापी कुठं असेल
ते त्यानं हनुवटीनं दाखवलं.
वरून आरोळी आली,
मीही ओरडले. कशासाठी, ठाऊक नाही.

परतताना क्लबच्या वहीत सरांनी लिहिलं:
शिखर, अकरापैकी अकरा.

मी खोडलं नाही.
सही केली तेव्हा
नखात अजून राख होती रताळ्याची.