फुलावर आला की

मोहाडीच्या खालच्या प्लॉटात
दोन ओळींच्या मधे पहार मारली,
ठण्ण वाजली.
पंधरा वर्षं ब्लोअरचं चाक एकाच वाटेनं गेलेलं.
वर पानांवर बोर्डोची निळी झाक,
घडातला मणी न् मणी मापून घेतलेला,
खाली मात्र कुणी कधी वाकलं नव्हतं.

पिंपळगावच्या लॅबमधून कागद आला.
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एकतीस.
सासऱ्यांनी विचारलं, शंभरातला?
शंभरातलाच, म्हटलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग मधल्या पट्टीत ताग पेरला.
बांधावरून रंगनाथ वडजे म्हणाले,
वहिनी, द्राक्षं सोडून दोरखंडाचा धंदा का?
म्हटलं, पहिला दोर तुमच्या जिभेला.

दीड महिन्यात ताग माझ्या खांद्याला लागला.
आणि एका सकाळी पिवळा झाला, सगळाच.
मधमाश्या कुठून आल्या कोण जाणे,
आमच्या फवारणीच्या गावात
त्या अजून आहेत हेच माहीत नव्हतं.

रोटाव्हेटर घेऊन आलेला सोमा
इंजिन बंद करून उभा.
ताई, दोन दिवस थांबू?
दोन दिवसांत देठाचं लाकूड होतं, सोमा.
शेतीशाळेत मीच वहीत लिहून घेतलेलं,
'फुलावर आला की गाडायचा'.
लिहिताना त्या वाक्यात फुलं नव्हती.

विहिरीकडची एक पट्टी ठेव, म्हटलं.
बाकी चालव.
हिशेबात बसत नाही ते. दरवर्षी ठेवते.

आठ दिवस कुबट वास घरापर्यंत.
सासरे पडवीतली खाट आत घेऊन झोपले,
बोलले नाहीत काही.

छाटणीची काडी जाळायची सोडली,
ती बारीक करून बोदावर पसरली.
शेणखत कुजवूनच घातलं, घाई केली नाही.
तिसऱ्या वर्षी वापसा होता तेव्हा
खुरप्यानं ढेकूळ उचललं,
हातातच सुटलं, कुस्करलेल्या भाकरीसारखं.
आत एक गांडूळ, उजेडावर रागावलेलं.

कर्ब किती झाला? सासरे.
कागद यायचाय अजून.
त्यांनी गांडुळावर माती परत लोटली,
पहार मागितली,
दोन्ही हातांनी उचलून मारली.

आवाज आला नाही.
पहार तिथंच उभी सोडून
ते चहाला घरी आले.