सेटल

मंगळवार आणि गुरुवार, रात्री साडेआठ ते दहा,
घणसोलीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
माझा बोलक्या इंग्रजीचा क्लास.
खाली दळण चालू असलं
की फळ्यावरची अक्षरंही थोडी थरथरतात.

आज एकच शब्द लिहिला: सेटल.
म्हटलं, अर्थ सांगा. मोबाइल बाजूला.
पुस्तकातला नको, आपापला.

रेश्मा ड्यूटीवरून थेट आलेली,
नर्सचे पांढरे बूट अजून पायात.
"मुलगा सेटल आहे, असं म्हणतात बघायला येताना.
म्हणजे खारघरला वन बीएचके
आणि बावीस वर्षांचे हप्ते."
मी लिहिलं: स्थिरस्थावर.
एवढा लांब शब्द, फळ्याच्या कडेला जाऊन
शेवटचा र खाली घसरला.

आत्माराम शेलार, तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याची पोती वाहतो.
"शेठ म्हणतो, हिशोब शनिवारी सेटल करू.
कुठल्या शनिवारी, ते बोलत नाही."
मी लिहिलं: चुकता करणे.
"बरोबर, बाई," तो म्हणाला,
"दर शनिवारी चुकतोच."

शकीलभाई प्लंबर. त्यांच्या मते मॅटर सेटल होतो
चौकीच्या आत नाही, बाहेरच्या टपरीवर,
दोन कटिंगमध्ये.
लिहिलं: मिटणे.
लिहिताना वाटलं, डोळ्यांसाठीही
आपल्याकडे हेच क्रियापद आहे.

मग मागच्या बाकावरून सुलभाताई,
सोसायटीच्या खजिनदार:
"आमच्या जिन्याला तडा गेलाय, बोट जाईल एवढा.
इंजिनियर म्हणाला, घाबरू नका, सेटलमेंट आहे.
खाली खाडीची भरणी. बिल्डिंग अजून बसतेय."
"तीस वर्षं झाली की!"
"हो. तीस वर्षं बसतेय."

बसणे.
हा खरा आपला शब्द. मी मोठ्या अक्षरात लिहिला.
जम बसतो, घडी बसते,
बोलून बोलून घसा बसतो,
हात बसतो पोळ्यांवर, धक्का बसतो फोनवर,
आणि विश्वास?
तो बसता बसत नाही.

एकदा हा शब्द मला एका वकिलानं दिला होता,
ठाण्याच्या कोर्टाच्या जिन्यात, आवाज खाली आणून:
मॅडम, सेटल करून टाका, दोघंही सुटाल.
तो अर्थ मी फळ्यावर आणला नाही.

हसुराम मढवी, वय एकाहत्तर,
नातू इंग्रजीतच रुसतो म्हणून क्लासला येतात.
एवढा वेळ गप्प होते.
"आमचं मिठागर व्हतं," म्हणाले,
"जिथं आता तो काचेचा टॉवर हाय, तिथं.
भरतीचं पानी आत घेतलं का मंग हलवाचा नाय.
माती खाली बसाची, पानी वर आटाचं,
तवा कुठं मीठ धराचं.
जमीन गेली, पैशे आले.
सायब बोलला, हसुराम, तू सेटल झाला.
मंग धाकल्याच्या प्लॉटाची भानगड, मंग कोर्ट,
मंग भाव, मंग भाऊ.
पानी कवा थिर -हायलाच नाय, बाई."
खाली गिरणीत कुणाची तरी ज्वारी पडत होती.
"त्या थिर पान्याला इंग्रजीन काय बोलतान?"

मी फळ्याकडे बघितलं.
"हेच, बाबा. सेटल."

त्यांनी वहीत लिहून घेतलं, देवनागरीत,
जपून, दोन रेघांच्या मध्ये: शेटल.
मी दुरुस्त केलं नाही.

दहा वाजले. गिरणी थांबली.
जिन्यावरून वर आलेलं पीठ हवेतच होतं अजून,
ट्यूबलाइटखाली दिसत होतं,
बाकांवर, रेश्माच्या बुटांवर
कुठे उतरावं ते न ठरलेलं.

वह्या मिटता मिटता रेश्मानं विचारलं,
"तुमचा अर्थ राहिलाच, बाई."

फळा पुसत म्हटलं, गुरुवारी सांगते.

आत्माराम दारातून वळला:
"कुठल्या?"